उजवी बाजू

गलबत वाळूत रुतलं तशी थेओनी गुडघाभर पाण्यात उतरली. समोर किनाऱ्यावर चाचे भाले रोखून उभे होते आणि त्यांच्यामागे, कुंपणाआड, तिच्या गावची पळवून आणलेली माणसं हाका मारत होती.

“ढालीला ढाल लावा!” कप्तान थेओनीने हुकूम सोडला.

तिच्या शिपायांची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची होती. प्रत्येकाची गोल ढाल निम्मी स्वतःला झाके, निम्मी डावीकडच्याला. उजव्या टोकाच्या माणसाला मात्र झाकणारं कुणी नसे, म्हणून ती जागा कप्तानाची. तिथेच उभा असताना तिचा बाप पडला होता.

तिच्या डावीकडे उभं राहायचं होतं बापाच्या जुन्या सोबत्याने, म्हाताऱ्या लायकसकाकाने. पण तो गलबतावरच अडून बसला. “पोरी, बाईच्या ढालीआड मी उभा राहायचा नाही,” हे त्याचं प्रवासभराचं पालुपद.

थेओनीने वाद घातला नाही. ढालीचा निम्मा भाग त्याच्या रिकाम्या जागेवर तसाच धरून तिने पाऊल उचललं. उघड्या उजव्या कुशीला खारा वारा झोंबला.

मागे धप्पकन पाणी उडालं. कुणीतरी धावत आलं आणि तिच्या उजव्या कुशीवर एक जुनी पितळी ढाल आली.

“काका, ही माझी जागा आहे!”

“बाईच्या ढालीआड उभा राहणार नाही, हे मी सांगितलंच होतं,” म्हातारा धापा टाकत म्हणाला. “जरा डावीकडे सरका, कप्तान.”