तेरेझचं दुसरं लग्न

देझोने दार ठोठावलं आणि आतलं हसणं एकदम थांबलं.

दार तेरेझने उघडलं. हातात सुईदोरा तसाच होता. मागे चुलीजवळ तिच्याकडे राहणारा भाडेकरू वेंडेल शर्टाचं अर्धवट लावलेलं बटण सावरत उभा होता. म्हणजे अंगातल्या शर्टालाच ती बटण लावत होती. पलीकडच्या खोलीत तेरेझचा नवरा आंब्रुश खोकत होता.

देझोने टोपी काढली आणि काही पाहिलंच नाही असं दाखवलं. धंद्याने तो न्हावी. पण त्या हिवाळ्यात मॅकीस्पोर्ट गावातल्या हंगेरियन कामगारांनी वर्गणी काढून चालवलेल्या विमा मंडळाने त्याला आजारी सभासदांची विचारपूस करायला नेमलं होतं. दर आठवड्याला जायचं, माणूस खरंच अंथरुणात आहे, कामावर किंवा गुत्त्यात नाही, याची खात्री करून सही करायची आणि आजारपणाचे डॉलर हातात ठेवायचे.

आंब्रुश कोचिशच्या बाबतीत खात्री करण्यासारखं काही नव्हतंच. वेस्ट व्हर्जिनियातली खाण बंद पडली तसं हे तिघं इकडे आले. आंब्रुशचं सभासदत्व तिकडच्या शाखेतून इकडे बदलून आलं आणि पाठोपाठ त्याने अंथरूण धरलं. मंडळाच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून नुसती मान हलवली. वेंडेल मंडळाचा सभासद नव्हता; तो मात्र धडधाकट, नळ्यांच्या कारखान्यात कामाला.

घरी देझोने बायकोला बटणाचं सांगितलं. इर्मा बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला जेवणाच्या वेळी जा. गरम सूप आधी कुणाच्या ताटात पडतं ते बघ. नवरा कोण ते कळेल."

तो गेला. सूप आधी वेंडेलच्या ताटात पडलं, कोंबडीची तंगडीही त्यालाच. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याने आडून आडून विषय काढला. घरचा माणूस पडला की बाहेरच्यांचं फावतं, जरा लक्ष असू द्या, असं काहीसं बोलला.

आजारी माणूस इतका हसला की त्याला ढास लागली. ती ओसरल्यावर म्हणाला, "देझोभाऊ, त्याच्या जिवावर तर मी जगतोय. त्याला कोणत्या तोंडाने बोलू?"

देझो गोंधळून घरी आला. असला नवरा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

बर्फ वितळायच्या आत तो माणूस गेला. मंडळाने रीतीप्रमाणे सगळं केलं. बँड होता, झेंडा होता, सभासदांच्या दंडावर काळ्या फिती होत्या. पाद्रीबाबांनी "आंब्रुश कोचिश" असं नाव घेतलं तेव्हा वेंडेल दचकला, आणि मग शवपेटीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. विधवेनेच त्याला धरून उठवलं. "पाप बोचतंय," इर्मा कुजबुजली. तुझी आई का आली नाही असं देझोने तेरेझला विचारलं, तर ती म्हणाली की आईची तब्येत नाजूक आहे, तिला कळवलेलं नाही.

तेरेझला मंडळाकडून विम्याचे हजार डॉलर यायचे होते. पण वेंडेलने काही बिऱ्हाड हलवलं नाही. मंडळातल्या बायका बोलू लागल्या. अध्यक्ष सही करायला टाळाटाळ करू लागले. शेवटी त्यांनी देझोलाच सांगितलं, की एक तर त्या भाडेकरूला बाहेर काढ, नाहीतर दोघांचं लग्न लावून दे. मंडळाच्या पैशावर असला संसार चालणार नाही.

देझो दोघांना समोर बसवून बोलला. लाज वाटू देऊ नका म्हणाला, साक्षीदार मी होईन म्हणाला. तेरेझने वेंडेलकडे पाहिलं आणि ती फिसकन हसली. मग एप्रनमध्ये तोंड खुपसून रडायला लागली. वेंडेल खिडकीबाहेर बघत राहिला. यातलं खरं हसू होतं की रडू, देझोला काही उमगेना.

"विचार करायला थोडा वेळ द्या," वेंडेल म्हणाला.

तीन रविवारांनी त्यांनी होकार कळवला.

मग मात्र देझोच्या अंगात उत्साह संचारला. मंडळाचं सभागृह त्याने फुकट मिळवलं. इर्माने कोबीच्या पानात खिमा भरून पातेलीच्या पातेली रांधली. तिचंही मन वितळलं होतं. आईविना नवरी बरी दिसत नाही, असं तीच म्हणाली. दुःखाची बातमी कळवली नाही, पण आनंदाची कळवायला काय हरकत? देझोने जुन्या शाखेतून आईचा पत्ता मिळवला आणि कुणाला न सांगता तार केली. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडतात, म्हणून थोडक्यात लिहिलं. तेरेझच्या घरी लग्न, ताबडतोब या.

लग्न छान झालं. अध्यक्षांनी त्याच सकाळी सही केली होती. व्हायोलिनवाले रंगात आले. नवरीबरोबर नाचायला रांग लागली, आणि जो तो नाचण्याआधी ताटात डॉलर टाकत होता. ताट भरत आलं तेव्हा दार उघडलं. काळा रुमाल बांधलेली एक ठेंगणी म्हातारी टोपली घेऊन आत आली. तेरेझचे पाय जागीच थांबले.

देझो अभिमानाने पुढे झाला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ नवरदेवाकडे गेली, टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला.

"आंब्रुश, लेका, तार मिळाली तशी निघाले बघ. पण लग्न कुणाचं ते त्यात लिहिलंच नव्हतं."

व्हायोलिन थांबलं. म्हातारीने जावयाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि सभागृहभर नजर फिरवली.

"आणि तुझा थोरला भाऊ कुठाय? वेंडेलचा खोकला गेला का रे?"