फोडणीची पळी

नर्सचा फोन माझ्या बायकोने, चैत्रालीने, स्पीकरवर टाकला. आमच्या एक वर्षाच्या सईच्या रक्तात शिसं जास्त निघालं होतं. "घरात काही इंडियन औषधं, पावडरी देता का?" नर्सने विचारलं. चैत्राली माझ्या आईकडे बघत राहिली. आई साताऱ्याहून बाळगुटीची डबी घेऊन आली होती, रोज उगाळून द्यायची. आईनेच ती डबी उचलली आणि कचऱ्यात टाकली. "माझ्याच हातून झालं गं," म्हणत ती सईचा वरणभात करायला गॅसपाशी गेली. शिसं तर माझ्या गॅरेजात होतं. हरणांच्या शिकारीचा सीझन जवळ आला की मी तिथे रायफलच्या गोळ्या ओततो, थंड झाल्या की दाबून एका मापाच्या करतो. पण सई तिथे कधी जात नाही, मी हात धुतल्याशिवाय तिला घेत नाही. स्वतःला हे समजावत होतो, तेवढ्यात मोहरी तडतडली. आईच्या हातात आमची जुनी लोखंडी पळी होती. वितळलेल्या शिशावरचा मळ काढायला मीच ती गॅरेजात नेली होती. नंतर तिथे सापडेना, म्हणून गोळ्यांसाठी दुसरी आणली. आयतं जेवणाऱ्या मला ती आज दिसली. "ही कुठे मिळाली?" "तुझ्या गॅरेजात, मी आले त्याच आठवड्यात. काळीकुट्ट झाली होती, चिंच लावून लख्ख केली." फोडणी सईच्या वाटीत पडायच्या आत मी पळी हिसकावून घेतली. आईचा हात तसाच हवेत राहिला. "आता फोडणीसुद्धा नको का रे माझ्या हातची?"