सुरुंगाआधी
चोपड्याजवळच्या दगडखाणीची हद्द वाढवण्याआधी जमिनीखाली जुनी वस्ती आहे का, हे तपासायला पुरातत्त्व अभ्यासक शीतल चर खणून घेत होती. काही सापडलं तर हद्द वाढणार नाही आणि दगड संपत आलेली खाण बंद पडणार, हे मजुरांना ठाऊक होतं. शेवटच्या चरात खणणाऱ्या झुंबरबाईच्या खुरप्याला मडकं लागलं. आत तान्ह्या बाळाची हाडं होती. शीतल दूर होती. मूठभर माती लोटली असती तर कुणाला कळलं नसतं. झुंबरबाईचा मुलगा नवल त्याच खाणीत कामाला होता. तरी तिनं हाक मारली, “ताई, आठे या.” “अक्का, जुन्या वस्तीत बाळांना असंच मडक्यात पुरायचे. आता खाण थांबेल,” शीतल हळूच म्हणाली. “लेकरू शे, ताई. त्यानावर सुरुंग कसा लावाना?” खाण थांबली. नवल आईशी बोलेनासा झाला. कामाच्या शोधात सुरतेला निघताना एसटीच्या पायरीवर थबकून त्यानं विचारलं, “माय, पोऱ्या व्हता का पोरगी?” “लेकरू व्हतं,” ती म्हणाली.