डब्यावरची सूचना

"दारू पिईसनी उना व्हई," कपाशीचे मालक नरोत्तम पाटील म्हणाले. त्यांचा सालदार उखा दवाखान्याच्या ओट्यावर पडला होता. चार माणसांनी त्याला खाटेवर घालून सहा मैल वाहून आणलं होतं. तोंडाला फेस, अंगभर घाम, दंड आणि मांड्या आपोआप उडतायत. सकाळपासून तो पाटलांच्या कपाशीवर नवं विलायती औषध फवारत होता.

"मन्हा मानूस होळीलेबी पेत नही," त्याची बायको दगूबाई म्हणाली.

डॉक्टरांनी उखाची पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"ही दारू नाही, पाटील. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन पोचवतं. हुकूम पोचला की त्या रसायनाला मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. तुमचं औषध त्या एन्झाइमलाच मारतं. मग हुकूम थांबतच नाही, स्नायू उडत राहतात, शेवटी श्वास अडतो. कीड मरते ती अशीच."

अ‍ॅट्रोपीन या उताऱ्याचं इंजेक्शन भरेपर्यंत उखाचा श्वास थांबला.

"तासभर आधी आला असता तर वाचला असता!" डॉक्टर कडाडले. "तुमच्या घरी बैलगाडी नाही?"

पाटलांना हे फार लागलं. ते सातवी पास होते. १९६३ साली त्यांच्या गावात एवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं.

"शे ना, साहेब. पन गाडीनी वाट कपाशीमाईन जास. डबावर चोखं लिखेल शे, फवारेल वावरमा ढोरं नेऊ नही. मी सोता वाचेल शे."