फ्यूजच्या जागी दिवा

नवा फ्यूजही फट्‌दिशी उडाला. मिस्त्रीनं तो काढून डब्यात भिरकावला आणि तो भिंतीला पाठ टेकून नुसता बसून राहिला. सकाळपासून ही एकच मोटरसायकल. तिच्यापायी बाकीच्या गाड्या बाहेर उन्हात ताटकळत होत्या.

गाडी नर्सबाईंची. रात्रपाळी संपवून त्या थेट गॅरेजवर आल्या होत्या आणि बाकावर बसल्या बसल्या पेंगत होत्या. मधेच डोळे उघडून म्हणाल्या, "मिस्त्री, हवा तेवढा वेळ घ्या, पण नीट करा हो. परवा उतारावर हँडल वळवलं आणि सगळे दिवे गुल. समोरून ट्रक. कशी वाचले, माझं मलाच ठाऊक."

"आज शॉर्टसर्किट सापडल्याशिवाय गाडी सोडत नाही, बाई," मिस्त्री म्हणाला. कुठे सापडणार आहे, त्याला तरी काय माहीत!

कोपऱ्यातल्या स्टुलावर अण्णा होते, मिस्त्रीचे वडील. गॅरेज त्यांनीच उभं केलेलं. हल्ली इंजिनाची उचलठेव झेपत नाही, म्हणून वायरिंगचं काम तेवढं ते करत.

"किती फ्यूज जाळशील?" ते म्हणाले. "अरे, फ्यूजच्या जागी दिवा लाव. शॉर्ट आहे तोवर दिवा जळणार. एकेक वायर हलव, सोडव. जिथं हात लावल्यावर दिवा विझेल, तिथं चोर. हे काय आता नव्यानं शिकवू तुला?"

"मग या इकडे. मी खाली वाकतो, तुम्ही दिव्यावर नजर ठेवा. विझला की ओरडा."

अण्णांना बरं वाटलं. स्टूल फरफटत ते गाडीशी येऊन बसले. मिस्त्रीनं फ्यूजच्या रिकाम्या जागेतल्या दोन टोकांना छोटा बल्ब जोडला, चावी फिरवली, हँडल डावीकडे वळवलं. बल्ब लख्ख पेटला.

हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा होता. मिस्त्रीनं वाकून तो हलवला. "विझला?"

"लागलाय."

त्यानं हॉर्न सोडवला. "लागलाय." हेडलाइट सोडवला. "लागलाय रे बाबा, तू तुझं काम कर." मग टाकी उतरली, सीट निघालं, मागच्या दिव्याची वायर सुटी झाली. अण्णांचं आपलं एकच, लागलाय.

मोटरसायकलची पार हाडं मोकळी झाली. मिस्त्रीच्या कमरेचा काटा ढिला झाला. गाडीला शिवी हासडावी की तिच्या गळ्यात पडून रडावं, असं त्याला झालं. शेवटी घाम पुसायला तो उभा राहिला आणि त्यानं बल्बकडे बघितलं.

बल्ब विझलेला होता.

अण्णा मात्र त्या बल्बकडे एकटक बघत बसले होते. मिस्त्रीनं आवाज न करता बल्बची एक वायर काढून हातात धरली. "आता, अण्णा?"

"लागलाय की! डोळे फुटले का तुझे?"

अण्णा हल्ली कप चाचपून उचलत, स्क्रू बोटांनी शोधत. ते त्याला दिसत होतं. वय झालं, चालायचंच, म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

त्यानं बल्ब पुन्हा जोडला आणि तो जिथून सुरुवात केली होती तिथंच परत वाकला. जुडगा दाबला, बल्ब पेटला. सोडला, विझला. म्हणजे अगदी पहिल्यांदा हलवला तेव्हाच चोर हाती लागला होता. हॉर्नची वायर मानेच्या पुढून सैल जायला हवी, ती मागून, दोन लोखंडांच्या मधून ओढलेली होती. हँडल वळलं की ती चेपायची. चेपून चेपून साल निघालं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं. डोळे धड असलेल्या माणसानं वायर तिथून घातलीच नसती.

त्या जागेला लागूनच टेप गुंडाळलेला जोड होता. टेपचं टोक दुमडलेलं होतं. पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जावं, म्हणून टेपचं टोक दुमडून ठेवणारा माणूस या गॅरेजात एकच. नर्सबाईंचा हॉर्न गेल्या महिन्यात अण्णांनीच दुरुस्त केला होता.

"सापडलं?" नर्सबाई खडबडून जाग्या झाल्या. "काय होतं हो?"

अण्णांनीही कान टवकारले.

मिस्त्रीनं जोडासकट तेवढा तुकडा कापून हातात घेतला. खरं सांगायला हवं होतं. एक बाई मरता मरता वाचली होती. पण त्यानं अण्णांकडे बघितलं.

"उंदीर," तो म्हणाला. "उंदरानं वायर कुरतडली होती."

"मेले कुठे कुठे शिरतात!" नर्सबाई वैतागल्या आणि पुन्हा पेंगू लागल्या.

मिस्त्रीनं नवी वायर मानेपुढून घातली, सोडवलेलं सगळं परत जोडलं आणि फ्यूज बसवला. हँडल इकडून तिकडे, तिकडून इकडे वळवून बघितलं. फ्यूज टिकला. नर्सबाईंना उठवलं. त्या हॉर्न वाजवून गेल्या.

"तो तुकडा बघू," अण्णा म्हणाले.

मिस्त्रीनं तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. अण्णांचा अंगठा उघड्या तांब्यावरून फिरला, जोडावर आला आणि टेपच्या दुमडलेल्या टोकाशी थांबला. मग त्यांनी शर्टाच्या खिशातला टेस्टर काढला आणि चाचपत मिस्त्रीच्या हातात दिला.

"म्हातारा असणार उंदीर," ते म्हणाले. "उद्यापासून आत घेऊ नकोस त्याला."