ऑर्व्हिलची बावीस हजार कार्डं

ऑर्व्हिल लिंडग्रेनने लिहून आणलेल्या भाषणाची घडी घालून ती खिशात टाकली आणि माइक जवळ ओढला.

"पेपरात छापून आलंय ते खोटं आहे," तो म्हणाला. "मला लहानपणी बेसबॉलचं वेडबिड काही नव्हतं."

वाचनालयात साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने बसली होती. ऑर्व्हिलने आपली बावीस हजार बेसबॉल कार्डं गावाला देऊन टाकली होती. त्यांच्यासाठी वेगळी खोली केली होती आणि ती आज उघडायची होती. आयोवाच्या त्या टापूत कुठल्याही खेळाडूवरून पैज लागली की लोक निवाड्याला ऑर्व्हिलकडेच यायचे. तोच आता असं बोलायला लागल्यावर सगळे चपापले. पहिल्या रांगेत त्याची बायको व्हर्ना सावरून बसली.

ऑर्व्हिलचे कान लाल झाले होते. ही गोष्ट त्याने बेचाळीस वर्षांत कुणाला, अगदी व्हर्नालाही, सांगितली नव्हती. पण पोरं उद्या या खोलीत येणार. त्यांना खोटी गोष्ट ऐकवायची त्याला लाज वाटत होती. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं.

डिसेंबर चव्वेचाळीसची गोष्ट. तो तेवीस वर्षांचा, फौजेत ट्रक चालवायचा. बेल्जियममध्ये गुडघाभर बर्फ पडलं होतं. जर्मन हेर अमेरिकन गणवेश चढवून आत घुसले होते, म्हणून नाक्यानाक्यावर पहारेकरी अस्सल अमेरिकन माणसालाच येतील असे प्रश्न विचारत होते. एका पुलावर पहारेकऱ्याने त्याच्या छातीवर बंदूक रोखली.

"बोल, सेंट लुईसच्या बेसबॉल टीमचा कॅचर कोण?"

ऑर्व्हिलचं सगळं आयुष्य बापाच्या गोठ्यात गेलेलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "गाईंबद्दल विचार की काहीतरी."

"गाई जर्मनीतही असतात," पहारेकरी म्हणाला, आणि त्याने ऑर्व्हिलला अकरा जर्मन कैद्यांबरोबर एका कोठारात डांबलं. दिवसभर तो तिथे कुडकुडत बसला. एका जर्मनाला त्याची दया आली. त्याने आपला अर्धा बटाटा त्याच्यापुढे केला. संध्याकाळी कॅप्टनने येऊन ओळख पटवली तेव्हा कुठे सुटका झाली. पुढे लढाई संपेपर्यंत पलटणीत त्याला सगळे 'जर्मन' म्हणूनच हाक मारत.

"घरी परतल्यावर ठरवलं," ऑर्व्हिल म्हणाला, "पुन्हा कुणी विचारलं तर अडायचं नाही. च्युइंगगमच्या पाकिटात कार्डं यायची. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची कुंडली. पाढे घोकावेत तशी घोकायला लागलो."

"आणि ते गम चघळायचं काम माझ्याकडे," व्हर्ना जागेवरूनच म्हणाली. "दोन दाढा गेल्या माझ्या!"

हशा उसळला. ऑर्व्हिलला एकदम हलकं वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक ठेंगणा, टकला माणूस उठला. हातात टोपी चुरगळत तो मधल्या वाटेने पुढे आला.

"मी ऑगी पेट्रिलो," तो म्हणाला. "न्यूअर्कचा. सध्या लेकीकडे आलोय. पेपरात तुझं नाव वाचलं आणि बस पकडली. त्या पुलावर तुझं नाव वहीत मीच लिहिलं होतं, ऑर्व्हिल. तो पहारेकरी मीच."

सगळ्या माना ऑगीकडे वळल्या.

"माफी मागायला आलोय. तो प्रश्न सार्जंटने मला पढवला होता. उत्तर सांगायचं मात्र तो विसरला. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तू कुठलंही नाव ठोकून दिलं असतंस ना, अगदी आपल्या बापाचं, तरी मी तुला सोडलं असतं. पण तू म्हणालास, माहीत नाही! मग मी तरी काय करणार?"

ऑर्व्हिल त्याच्याकडे बघतच राहिला. कुठलंही नाव! बापाचं नाव हॅल्व्हर होतं. हॅल्व्हर लिंडग्रेन, सेंट लुईसचा कॅचर. त्याच्या पोटातून हसू उकळत वर आलं आणि त्याला माइकचा दांडा धरून उभं राहावं लागलं. व्हर्ना तर डोळे पुसत होती.

ऑगी मात्र हसत नव्हता. "माझ्या एका मूर्ख प्रश्नापायी," तो खालमानेने म्हणाला, "तू आख्खा जन्म पाठांतरात घालवलास."

ऑर्व्हिल मंचावरून खाली उतरला आणि त्याने ऑगीच्या खांद्यावर हात टाकला.

"जन्म कसला, लेका! महिन्याभरात मला दोन कार्डं सापडली. दोघंही कॅचर, दोघंही सेंट लुईसचे, कपडे मात्र वेगवेगळे. सेंट लुईसच्या टीम होत्या दोन! तुझा प्रश्नच अर्धवट होता. असा संतापलो की सगळी कार्डं चुलीत घालायला निघालो होतो."

"मग घातली का नाहीस?"

"एक पाकीट फोडायचं राहिलं होतं," ऑर्व्हिल म्हणाला. "म्हटलं, एवढं बघू या."