कागदांची होळी

"ते पनागरचं बाड तेवढं राहू द्या न, भय्यासाहेब," राधाबाई म्हणाली. पनागरला तिचं शेत भय्यासाहेबांच्या जागेला लागून होतं.

भय्यासाहेबांनी तिच्याकडे पाहत पाहत तेच बाड विस्तवात टाकलं.

मध्यप्रांतात उभी हयात मोजणीदारी करून ते आता पेन्शनीत निघाले होते. पक्के नकाशे कचेरीत होते, पण त्यांवर अख्खं शेत नखाएवढं. हातभर जमीन इकडची की तिकडची, ते सांगणाऱ्या कच्च्या नोंदी मोजणीदाराच्या घरीच पडून राहायच्या. मदन महालच्या भाड्याच्या घरात या नोंदींनी एक खोली अडवली होती. "पनागरच्या नव्या घरात ही रद्दी येणार नाही," असं सत्यभामाबाईंनी बजावलं होतं, आणि बायकोचं ऐकण्याचा भय्यासाहेबांना यंदा प्रथमच आनंद होत होता.

"त्यात माझ्या विहिरीचं माप होतं जी."

"विहीर तर माझ्या कुंपणात आहे, बाई."

"कुंपण तुम्ही मागल्या साली घातलं. विहीर माझ्या सासऱ्यानं खोदली. काहून असं करून राहिले? तेवढ्या पाण्यावरच माझी वांगी-मिरची हाय. पाणी गेलं त मी खाऊ काय?"

"अच्छा, मग हद्दीचा दगड दाखव. दगड सांगेल विहीर कुणाची ते."

दगड नव्हता. का नव्हता, ते भय्यासाहेबांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दगड आणि दगडाखालचं सगळं त्यांनी स्वतः उपसून गाडीत घालून नेलं होतं. गडी सोबत घेतला नव्हता. गडी बोलतात.

राधाबाईचा नवरा नथ्थू जन्मभर त्यांचीच मोजणीची साखळी ओढत हिंडला होता. दौऱ्यावर तापानं गेला तेव्हा भय्यासाहेबांनी स्वतःचं धोतर त्याच्यावर पांघरलं होतं. हे ते चारचौघांत अजून सांगत.

कागद भुरकन जळून गेले. मग त्यांनी नकाशांची सागवानी पेटी फोडून विस्तवात घातली. ती मात्र निवांत जळत राहिली. राधाबाई तिथंच बसलेली.

"आता काय राहिलं बाई?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"कोळसे नेऊ का बाईसाहेब? चुलीला होतील."

भय्यासाहेब खो खो हसले. "ने, ने! माझी सारी नोकरी आहे ती. भात शिजव तिच्यावर."

तिनं पाणी मारून कोळसे विझवले, टोपल्यात भरले. टोपलं डोक्यावर घेताना म्हणाली, "नव्या घरचं आंगण सारवायला बाई लागंल न?"

ही मागणी भय्यासाहेबांना फार आवडली. जिची विहीर घेतली तिच्याच हातून अंगण सारवून घ्यायचं! "चलो, उद्यापासून ये," ते म्हणाले.

आणि ती आली. रोज पहाटे शेणाची बादली घेऊन यायची, विहिरीकडे न बघता अंगण सारवून जायची. "किती समजूतदार झाली हो," सत्यभामाबाई म्हणत. पावसाळ्यात अंगण वाहून गेलं तेव्हा तिनं नवी माती घालून ते चोपून दिलं.

दिवाळीनंतर तिच्याच अर्जावर मोजणी आली.

मोजायला आला दिवाकर, भय्यासाहेबांच्या हाताखाली तयार झालेला. आल्या आल्या पाया पडला. "कच्चे कागद असतील न तुमच्याकडे? एका मिनिटात काम होईल."

"कधीच जाळले. तुझ्या काकूला रद्दीचा वीट."

"मग खोदून पाहावं लागेल."

"खोद की! पण काय शोधतो आहेस, ते या मंडळींना आधी सांग."

दिवाकर शाळेतल्यासारखा उभा राहिला. "हद्दीचा दगड रोवताना त्याच्या खाली कोळसा पुरतात. दगड कुणी उचलला तरी कोळसा सडत नाही, वाळवी त्याला खात नाही. जिथं कोळसा, तिथं हद्द."

"शाब्बास. कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

जमलेले पंच माना डोलवू लागले. भय्यासाहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला.

कुंपणालगत खोदलं. काही नाही. विहिरीभोवती खोदलं. काही नाही.

"साहेब, माझा नवरा म्हणे, दगड माझ्या वावरातल्या त्या बाभळीच्या सरळ रेषेत होता," राधाबाई हळूच म्हणाली. "ती रेषा त आंगणातून जाते."

"खोदा रे अंगण!" भय्यासाहेबांना हसू आवरेना. "तेही राहायला नको. सारवायला ही आहेच."

तुळशीशेजारी कुदळ पडली. माती निघाली, मग आणखी माती, मग काळं. दिवाकरनं एक तुकडा उचलून तळहातावर घासला आणि बाभळीकडे पाहिलं. मधे विहीर होती, कुंपण होतं, स्वयंपाकघर आणि माजघर होतं. ते सगळं आता राधाबाईच्या बाजूला पडत होतं.

"सागवानी आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "हद्द इथून जाते, भय्यासाहेब."

"खोटा आहे हा!" भय्यासाहेब ताडकन उठले. "खरा कोळसा तर मी—"

पंच त्यांच्याकडे बघत राहिले. भय्यासाहेब खाली बसले.

"दिवाकर," ते सावकाश म्हणाले, "कागदांत बघता आलं असतं."

राधाबाईनं पदर खोचला आणि बादलीत हात घातला.

"बाईसाहेब, जरा सरका न. आंगण सारवून घेते. आता घरचंच काम हाय."